डॉक्टरांची कच्ची लिंबे

मी एक जुने बुद्धिबळाचे घड्याळ आहे. मला एक नाही, दोन तबकड्या आहेत. मित्रांनो, या दोन तबकड्यांसमोर बसणाऱ्या दोन माणसांचे एकमेकांवर प्रेम असते, असे कुणी तुम्हाला सांगितले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी ज्यांच्या मध्ये बसून आयुष्य काढले त्यांचे तरी नव्हते. बुद्धिबळ हा सभ्य माणसांचा खेळ आहे म्हणतात. म्हणोत बापडे. टोला माझ्या डोक्यावर बसतो.

माझे काम सोपे आहे. चाल केली की खेळाडूने माझ्या माथ्यावरची आपली कळ दाबायची. त्याची तबकडी थांबते आणि समोरच्याची चालू होते. वेळ संपत आला की मिनिटकाटा एक छोटी लाल झेंडी उचलून धरतो, आणि वेळ संपला की ती झेंडी खाली पडते. झेंडी पडली की डाव गेला. मग पटावर तुमचे सैन्य कितीही उभे असो. त्यामुळे कोण विचार करतो आहे, कोण नुसता घाबरून बसला आहे आणि कोण घमेंडीत घाई करतो आहे, हे माझ्याइतके कुणालाच कळत नाही.

जर्मनीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पितळी किल्ल्या, पांढऱ्याशुभ्र तबकड्या. तेव्हा मी दिसायला देखणे होते. सर्बियातल्या स्मेदेरेवो गावच्या ओब्राद नावाच्या औषधवाल्याने मला बेलग्रेडहून विकत आणले. त्याचे दुकान खाली होते आणि घर वर. दुपारी दुकान बंद झाले की तो मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पटाशेजारी ठेवी आणि दोन्ही किल्ल्या हलक्या हाताने फिरवी. त्या घरात मला हलका हात लावणारा तेवढा एकच होता.

ओब्रादला दोन मुले होती. थोरला वुकोमान आणि पाच वर्षांनी धाकटी पेर्सिदा. बापाने दोघांनाही खेळ शिकवला. वुकोमानचे डोके चांगले होते, हे मी नाकारणार नाही. पण त्या पोराला एक गोष्ट फार लवकर कळली. बापासमोर बसले की हरायला होते आणि बहिणीसमोर बसले की जिंकायला होते.

मग काय, दुपारची ताटे उचलली की त्याची हाक यायची.

"ये गं, कच्च्या लिंबा. मांड पट."

पेर्सिदा यायची. तिला खुर्चीवर उशी ठेवून बसावे लागे. वुकोमान वजीर आणि उंट पुढे काढी, तिच्या राजाशेजारच्या एका घरावर डोळा ठेवी, आणि बघता बघता मात करी. रोज तोच सापळा. तिने एक वाट बंद केली की तो दुसऱ्या वाटेने तिथेच यायचा. मात झाली की खदखदा हसायचा आणि माझ्या डोक्यावर उगाचच एक थाप मारायचा.

ओब्राद एकदा म्हणाला, "तिच्याशी किती दिवस खेळशील? माझ्यासमोर बस."

"तुमच्याशी खेळलो की हरतोच मी."

"म्हणूनच बस म्हणतोय."

"उद्या बसतो बाबा. आज अभ्यास आहे."

अभ्यास नव्हता. तो नदीवर पोहायला गेला.

एके दिवशी मात झाल्यावर पेर्सिदा रडली नाही. तिने भावाचा वजीर उचलला, चुलीचे झाकण उघडले आणि वजीर विस्तवात टाकला. वुकोमानने तिची वेणी धरून ओढली. तिने त्याच्या मनगटाला दात लावले. ओब्रादने दोघांना वेगळे केले. त्याने कुणालाच मारले नाही. खाली जाऊन एका बाटलीचे काळे बूच आणले आणि वजिराच्या जागी ठेवले.

"आता याच्याशीच खेळा," एवढेच तो म्हणाला.

वुकोमान खेळला. पेर्सिदा खेळली नाही. तिने पटाकडे पाठ फिरवली, ती मोठी होईपर्यंत.

ओब्राद वारला तेव्हा पेर्सिदा शिक्षणासाठी परगावी होती. ती परत येण्याआधीच वुकोमानने मला उचलले आणि गावातल्या बुद्धिबळ क्लबात नेले. आता तो नुसता वुकोमान राहिला नव्हता. डॉक्टर वुकोमान झाला होता, दातांचा डॉक्टर. आणि खरे ते सांगते, डॉक्टर म्हणून तो चांगला होता. दुखू न देता दाढ काढणारा साऱ्या गावात तो एकच. लोखंडाच्या कारखान्यातले दांडगे कामगारसुद्धा त्याच्याच दारात गाल धरून बसत.

हीच गोष्ट क्लबाच्या मुळावर आली. आपला एक दात उद्या ज्याच्या हातात असणार आहे, त्याला आज मात कोण देणार?

क्लब डॅन्यूबच्या काठावर होता, एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर. खालून तळलेल्या माशांचा वास यायचा. डॉक्टर आले की त्यांची खिडकीजवळची खुर्ची रिकामी होई. ते खोलीभर नजर फिरवीत. बाजारात बाई टोमॅटो चाचपते तशी. कोण पिकलाय, कोण मऊ आहे. मग बोट दाखवीत.

"तिहोमिर, ये. बस."

तिहोमिर बेकरीवाला होता. पहाटेपासून बुरेक, म्हणजे सारण भरलेल्या पोळ्या, भाजून थकलेला, जाडजूड, गरीब स्वभावाचा माणूस.

"डॉक्टर, आज नको. आजच तुम्ही दाढ भरलीत माझी. तोंड अजून बधिर आहे."

"तोंडानं खेळायचंय का तुला? बस."

तिहोमिर बसायचा आणि हरायचा. डॉक्टर तोच बहिणीवरचा सापळा लावीत, आणि माणूस अडकला की मागे रेलून हसत. "कच्ची लिंबं रे तुम्ही सगळी. कच्ची लिंबं." बाकीचेही हसत. हसले नसते तर पुढच्या दाढेला त्रास. कुठे चुकलो, असे तिहोमिरने एकदा विचारले होते. डॉक्टर म्हणाले, "जन्माला आलास तिथंच." सगळी खोली हसली. तिहोमिरही हसला. तो हसताना पाहणे मला फार जड गेले.

डॉक्टर नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसत. माझी डावी तबकडी जेमतेम चाले. चाल, थाप. चाल, थाप. विचार करायची वेळच त्यांच्यावर येत नसे. उजवी बाजू बिचारी घरघरत, धापा टाकत राही. एकदा कारखान्यात नवा इंजिनिअर आला. शांत माणूस होता, पण खेळ तगडा. तो क्लबात आला की डॉक्टरांचे डोके दुखू लागे. कधी कुणाला तातडीने तपासायचे असे. इंजिनिअर काही दिवस वाट पाहत बसला, मग यायचा बंद झाला. मी त्याला दोष देत नाही. डॉक्टर मात्र पहिल्या पटावरचे, म्हणजे संघातले सगळ्यात तगडे, खेळाडू म्हणून मिरवत राहिले. आमचा संघ बाहेरगावी गेला की पहिल्या पटावर हरत असे. ते म्हणत, रात्री झोप झाली नव्हती.

अशात एका शरद ऋतूत, द्राक्षांच्या जत्रेच्या दिवसांत, पेर्सिदा गावात परतली. ती शाळेत भूगोल शिकवू लागली होती. एका दुपारी ती जिना चढून क्लबात आली आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"हे घड्याळ बाबांचं आहे."

"आता क्लबचं आहे," डॉक्टर पटावरून नजर न उचलता म्हणाले.

"क्लबाला दिलं कुणी?"

"मी दिलं. तू नव्हतीस. काही म्हणायचं असेल तर घरी ये, माणसांसमोर तमाशा नको."

"घरी तू दार उघडत नाहीस, वुको."

तिहोमिरने हातातले प्यादे होते तिथेच धरून ठेवले.

"मग माझ्याशी एक डाव खेळ," ती म्हणाली. "मी जिंकले तर घड्याळ माझं."

आता डॉक्टरांनी वर पाहिले. त्यांच्या डोळ्यांत काय होते ते मी जवळून पाहिले. ती भीती होती. पण ते हसले.

"अगं, वजीर जाळणाऱ्यांशी मी खेळत नाही. आमच्याकडे वजीर महाग पडतात. आधी तिहोमिरला हरव, मग बघू."

"मला तिहोमिर नको. कच्च्या गड्यांना हरवून काय शिकायचं असतं, ते तुझ्याकडे बघून कळलंय मला."

तिहोमिरचा चेहरा पडला. ते तिने पाहिले नाही. रागावलेल्या माणसाला समोरचा एकच माणूस दिसतो.

क्लबाचे अध्यक्ष कप्तान सिबिन नदीवर बोट चालवून म्हातारे झाले होते. ते कोपऱ्यातून उठले, मला उचलले आणि तिच्या हातात दिले. "क्लबाकडून उसनं ने," ते म्हणाले. "आमच्याकडे याची एक बाजू वापरलीच जात नाही."

तेव्हापासून दर शनिवारी मी पेर्सिदाच्या पिशवीत, लोकरीच्या रुमालात गुंडाळलेले, बसने बेलग्रेडला जाऊ लागले. तिने मनाशी एक शपथ घेतली होती. आपल्याहून तगड्याशीच खेळायचे. एकदाही कच्च्याशी नाही.

बेलग्रेडला एका तळघरातल्या क्लबात झागोर्का नावाची म्हातारी खेळत असे. कोर्टात न्यायाधीश होती म्हणे. पांढरे केस, पिवळी बोटे, सतत सिगारेट. ती माझी कळ दाबत नसे, बोटाने टिचकी मारी. पेर्सिदा तिच्यासमोर बसली आणि हरली. पुढच्या शनिवारी पुन्हा हरली. सारा हिवाळा हरली.

"पुन्हा आलीस?" झागोर्का विचारी.

"आले."

"मार खायची हौस दिसतेय."

पेर्सिदा ओठ आवळून सोंगट्या मांडी. सुरुवातीला तिचा खेळ खरोखर सुधारला, हे मी साक्षीने सांगते. भावाचा तो सापळा तर तिला दुरून दिसू लागला. पण मग काहीतरी बिघडत गेले. तिची तबकडी जास्त जास्त चालू लागली. ती पुढे जाईना. प्यादी एकमेकांना चिकटवून, राजाला कोपऱ्यात दडवून, ती नुसती मार चुकवत बसे. उशिरा हरली की तिला जिंकल्यासारखे वाटे.

मग तो दिवस आला. झागोर्काच्या हातून चूक झाली. तिचा हत्ती फुकट मारता येत होता. पेर्सिदाने तो मारला. तिने पटाकडे पाहिले, झागोर्काकडे पाहिले, आणि हलकेच म्हणाली,

"बरोबरी करायची का?"

झागोर्काने सिगारेट विझवली.

"काय म्हणालीस?"

"बरोबरी."

"एक आख्खा हत्ती तुझ्याकडे जास्त आहे आणि तू मला बरोबरी देतेस? मला? भीक घालतेस?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. तू इथं खेळायला येत नाहीस, पोरी. हरायला येतेस. आणि मोठ्या माणसाकडून हरलं म्हणजे आपणही मोठे झालो, असं वाटतं तुला. जिंकलेला डाव जिंकता येत नाही तुला, कारण जिंकत आलेला डाव तुझ्या वाट्याला येतच नाही. पुढच्या शनिवारी येऊ नकोस."

"मग कुठं जाऊ?"

"तुझ्याहून कच्चा माणूस शोध. त्याला हरवून दाखव. नीट, शेवटपर्यंत. मग ये."

परतीच्या बसमध्ये पेर्सिदा खिडकीबाहेर पाहत होती. मी तिच्या मांडीवर होते.

ती क्लबात परतली आणि, भाऊ खोलीत असतानाच, तिहोमिरसमोर बसली. तिला वाटले, हा तर चुटकीसरशी जाईल. गेला नाही. तिहोमिरने एखादे साधे प्यादे पुढे ढकलले की ती त्यामागे झागोर्काचा डाव शोधू लागे. विचार, विचार, विचार. वेळ संपत आला, घाईत तिचा घोडा गेला, आणि बेकरीवाला जिंकला.

डॉक्टर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"बेलग्रेडला जाऊन हे शिकून आलीस होय? अरे तिहोमिर, उद्यापासून पाटी लाव बेकरीवर. 'आमच्याकडे बुरेक आणि बेलग्रेडचे खेळाडू भाजून मिळतील.'"

सगळे हसले. पेर्सिदाचे कान लाल झाले. तिहोमिर तेवढा हसला नाही. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका. माझ्याकडे जे नाहीच, ते तुम्ही माझ्यात शोधत होता. मी ते प्यादं उगाच ढकललं होतं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून."

ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. पहिल्यांदाच पाहत असावी.

"उद्या दुपारी येशील?" तिने विचारले.

"हरायला?"

"हो. पण मी जिंकले तर कुठं चुकलास ते सांगेन. तू जिंकलास तर तू मला सांग."

"मला काय सांगता येणार, बाई?"

"जे आत्ता सांगितलंस ते."

तिथून माझे सगळ्यात चांगले दिवस सुरू झाले. शाळा सुटली आणि भट्टी थंड झाली की दोघे समोरासमोर बसत. पेर्सिदा पुढे जायला शिकली. एक प्यादे जास्त मिळाले की ते शेवटच्या घरापर्यंत कसे न्यायचे, समोरचा दमला तरी आपण सैल कसे पडायचे नाही, हे कच्च्या गड्यासमोरच शिकता येते. तगडा तुम्हाला ती संधीच देत नाही. आणि डाव संपला की ती सोंगट्या मागे नेऊन म्हणायची, "इथं बघ. इथं तुझा उंट बाहेर यायला हवा होता." तिहोमिर मान डोलवायचा. मग दुसऱ्या कुणाला तरी तो तेच दाखवायचा. अधूनमधून ती बेलग्रेडलाही जाई. झागोर्का तिला आत घेऊ लागली होती. तिथे ती अजूनही बहुतेक हरायचीच, पण आता झागोर्काची तबकडीही चांगली चालायची.

आणि मग वसंतात एक विपरीत घडले. डॉक्टरांनी बोट दाखवून तिहोमिरला बोलावले, सापळा लावला, आणि तिहोमिर अडकला नाही. डॉक्टर पुन्हा वजीर घेऊन आले. तिहोमिरने पुन्हा वाट अडवली. डॉक्टरांचा वजीर भर पटात एकटा अडकला आणि मेला.

"डॉक्टर," तिहोमिर घाबरून म्हणाला, "मला वाटतं, मी जिंकलो."

डॉक्टर उठले ते सरळ पेर्सिदाच्या टेबलापाशी आले.

"माझी माणसं बिघडवतेस तू."

"तुझी माणसं?"

"इतकी वर्षं सुखानं खेळत होतो आम्ही."

"तू खेळत होतास. ते मार खात होते."

पुढच्या आठवड्यात तिहोमिरची दाढ सुजली. तो गाल धरून डॉक्टरांच्या दारात गेला. डॉक्टरांनी त्याला बसवून ठेवले, इतरांना आत घेतले, आणि संध्याकाळ झाल्यावर सांगितले की आज वेळ नाही, सोमवारी ये. तिहोमिर तसाच सुजलेल्या तोंडाने क्लबात आला. त्याला बोलता येत नव्हते. तो कुणाला काही सांगणारही नव्हता, पण त्याच्या गालाने सगळे सांगितले. त्या दिवशी त्या खोलीत प्रथमच कुणी डॉक्टरांसाठी खिडकीजवळची खुर्ची सोडली नाही.

कप्तान सिबिन म्हणाले, "डॉक्टर, शेजारच्या पोझारेवाट्स गावाशी सामना आलाय. यंदा जिंकलो तर वरच्या गटात जाऊ. पहिल्या पटावर कोण बसणार, ते ठरवायला हवं. रविवारी तुम्ही आणि पेर्सिदाबाई खेळा. जो जिंकेल तो बसेल. बरोबरी झाली तर पट तुमचाच."

"रविवारी मला काम आहे."

"मग पट तिचा."

रविवारी प्रार्थना आटोपून अर्धे गाव क्लबात लोटले. डॉक्टर माझ्या डाव्या बाजूला बसले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर घाम पाहिला.

सुरुवातीलाच त्यांनी तो सापळा लावला. दुसरे त्यांना येतच काय होते? पेर्सिदाने त्याकडे पाहिलेही नाही. एक घोडा शांतपणे बाहेर काढला आणि माझी कळ दाबली. मग माझी डावी तबकडी चालू झाली, आणि चालतच राहिली. सापळ्यापुढचा रस्ता डॉक्टरांनी कधी पाहिलाच नव्हता. तिथे ते परक्या गावात आल्यासारखे बसले होते.

"बाबांनी तुला चोरून शिकवलं," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

"नाही. तूच शिकवलंस. रोज दुपारी."

"मी फक्त तुला हरवत होतो."

"तेच म्हणते मी. फुकट नाही जाऊ दिलं."

डॉक्टर कळ दाबत नव्हते, मला ठोसे मारत होते. माझ्या आतली चाके कळवळत होती. शेवटी पटावर दोघांचा एकेक हत्ती उरला आणि थोडी प्यादी. पेर्सिदाचे एक प्यादे जास्त होते. तेव्हा डॉक्टर पुढे वाकले, फक्त तिला ऐकू जाईल असे.

"बरोबरी घे, पेर्सा. पहिला पट तुलाच देतो, मी स्वतः कप्तानांना सांगतो. पण लोकांसमोर... बरोबरी घे."

तिची तबकडी चालू होती. आमची सारी धडपड ज्यासाठी, तो पट तिला आयता मिळत होता. आणि समोर भाऊ होता. मी टिकटिकत राहिले. मला दुसरे काही येत नाही.

"मला पट नकोय, वुको," ती म्हणाली. "मला हा डाव हवाय."

तिने प्यादे एक घर पुढे सरकवले. मग डॉक्टर विचार करू लागले. त्यांच्या बाजूची लाल झेंडी वर उचलली गेली, ते पाहत राहिले, आणि झेंडी पडली.

"घड्याळ बिघडलंय," डॉक्टर म्हणाले. "माझी बाजू जोरात पळते."

मित्रांनो, मी बिघडले नव्हते. कप्तान सिबिन वाकून माझ्याकडे पाहत म्हणाले, "डॉक्टर, तुमची बाजू तर नवीकोरी आहे. आजवर वापरलीत कुठं?"

डॉक्टरांनी हाताच्या एका फटक्यात मला टेबलावरून उडवले. मी भिंतीवर आदळले. माझी डावी काच फुटली, पेटीला तडा गेला. ते जिना उतरून निघून गेले आणि पुन्हा त्या खोलीत आले नाहीत.

पोझारेवाट्सच्या सामन्यात पेर्सिदा पहिल्या पटावर हरली. समोरचा तिच्याहून तगडा होता, बस. संघ जिंकला तो शेवटच्या पटामुळे. तिथे तिहोमिर बसला होता. परतताना बसमध्ये लोकांनी त्याला गाणे म्हणायला लावले. तो फार बेसूर गात होता.

माझी मात्र कपाटात रवानगी झाली. पुढे बॅटरीवरची घड्याळे आली. त्यांना टिकटिक नाही, झेंडी नाही. नंतर क्लबाची खोलीही गेली, तिथे फर्निचरचे दुकान झाले. धूळ खात पडलेल्या मला पेर्सिदाने घरी नेले आणि एका जुन्या कारागिराकडून दुरुस्त करून घेतले. माझी डावी काच आता उजवीपेक्षा किंचित पिवळी दिसते.

बहीण-भाऊ बोलत नव्हते. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक राखणदार संत असतो. त्याच्या सणाला ती भावाकडे प्रसादाच्या शिजवलेल्या गोड गव्हाची वाटी पाठवी, ती रिकामी होऊन परत येई, निरोप नसे. ती समोरून दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. मग म्हातारपणी त्याचा हात थरथरू लागला आणि दवाखाना बंद झाला. त्यानंतर त्याच्यासमोर बसायला कुणी मिळेना. ज्यांचे दात आता त्याच्या हातात नव्हते, ते त्याच्याकडून कशाला हरतील? नदीकाठच्या बाकावर तो एकटाच पट मांडून बसतो, असे तिहोमिर सांगत आला होता. तो स्वतः एकदा त्याच्यासमोर बसला. जिंकला, आणि त्यालाच वाईट वाटले.

एका दुपारी दारावर थाप पडली. वुकोमान उंबऱ्यात उभा होता. त्याने टोपी काढली नाही.

"हल्ली कुणाशी खेळतेस?"

"येईल त्याच्याशी."

"मग मांड."

"वुको, मी सोडणार नाही. म्हातारा झालास म्हणून."

"सोड म्हणालो का मी?"

तिने कॉफी ठेवली, पट मांडला, मला किल्ली दिली. तो हरला. तो खुर्चीतून उठेल, मला ढकलेल, असे मला वाटले. मी अंग आवळून बसले. त्याने थरथरता हात पटाकडे नेला आणि आपला राजा पुन्हा उभा केला.

"कुठं चुकलो?"

पेर्सिदाने त्याच्याकडे पाहिले.

"दाखव," तो म्हणाला. "पण हसू नकोस."

"मी कधी हसले?"

"तू नाही. मी हसायचो."

तिने सोंगट्या मागे नेल्या, खूप मागे. "इथं," ती म्हणाली. तो पटावर वाकून पाहत राहिला. कॉफी गार झाली तरी पाहत राहिला.

आता तो येतो. त्यांचे पटत नाही. तो कॉफीला नावे ठेवतो, ती त्याच्या टोपीला. तो अजून एकदाही जिंकलेला नाही. मला तो अजूनही आवडत नाही, हे लपवून काय करू? पण माझी डावी बाजू आता भरपूर चालते.

मित्रांनो, मला हाताळताना जरा जपा, माझ्या पेटीला आधीच एक तडा आहे. आणि खेळायला बसाल तेव्हा गडी नीट निवडा. तुमच्याहून तगड्यासमोर जरूर बसा, पण नुसता मार खाऊन मोठे झाल्याचा आव आणू नका. तुमच्याहून कच्च्यासमोरही बसा, पण तो कायम कच्चाच राहावा म्हणून नव्हे. आणि डाव संपला की, जिंका नाहीतर हरा, समोरच्याला विचारा किंवा त्याला सांगा, चूक कुठे झाली. विचारूनही तो नुसता हसत राहिला, तर उठा आणि गडी बदला.